कानडबी

टॅबलेटवर हिरवा दिवा लागला होता आणि माझ्या डोक्यावरचं छत पोकळ वाजत होतं.

"भाऊ, मशीन तं ओके म्हन्ते," हेमराज म्हणाला.

मी सब्बल, म्हणजे लांब पहार, पुन्हा वर मारली. भरीव दगडाला लोखंड लागलं की खणखणीत आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सुटलेल्या दगडाचा आवाज बसका येतो, तडकलेल्या मडक्यासारखा. खाणीत याला साउंडिंग म्हणतात. ब्लास्टिंग झाल्यावर माणसं आत सोडण्याआधी अख्खं छत असं ठोकून पाहायचं, आणि बसका आवाज आला तर तो दगड सब्बलीनेच पाडायचा.

"मांगं सरका," मी म्हणालो. सुखलाल ड्रिलवाला आपलं ड्रिल ओढत मागं गेला. हेमराजने आणि मी दोन बाजूंनी सब्बल घातली. तिसऱ्या हिसक्याला दाराच्या फळीएवढी शिळा खाली आली. धूळ बसायला वेळ लागला. हेमराजने बाजूला ठेवलेला टॅबलेट उचलला. दिवा अजून हिरवाच होता.

"डिब्बा तो अब भी ओके बोल रहा है," सुखलाल म्हणाला. तो हसला, म्हणून आम्हीही हसलो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटपासून तासाभराच्या अंतरावर एका खाजगी मालकाची मँगनीजची लहान भूमिगत खाण होती, तिथली ही गोष्ट. मी तिथे माईन फोरमन होतो. हेमराज राहांगडाले माझ्या हाताखालचा मेट. मेट म्हणजे टोळीचा प्रमुख; जागा तपासून 'सुरक्षित' अशी सही तो करतो आणि त्याखाली फोरमन करतो. हेमराज लामत्याकडचा, अबोल, कामाला चोख. सुखलाल धुर्वे परसवाड्याच्या पुढच्या एका गावचा. त्याची मुलगी बालाघाटात नर्सिंग शिकत होती, आणि तिने फोनवर सांगितलेली औषधांची नावं तो आम्हाला जेवणाच्या सुट्टीत ऐकवायचा. निम्मी चुकीची असायची.

टॅबलेट त्या दिवसाच्या सहा महिने आधी आले होते. रजिस्टरऐवजी त्यावरच रिपोर्ट भरायचा होता. त्यात वाईट काही नव्हतं. मग तीन महिन्यांनी एक विक्रेता आला आणि त्याने ऑफिसात टॅबलेटला जोडायच्या वस्तूंचं पुस्तक दाखवलं. रंगीत चित्रं होती. एक नळी टॅबलेटला लावून फुंकली की माणूस प्यायलाय का ते कळणार. एका पट्टीवर अंगठा ठेवला की तो किती थकलाय ते कळणार. एक चिमटा हेल्मेटला लावला की कामगाराचं मन कामात आहे की घरी, हेही स्क्रीनवर येणार. मी विचारलं, "हे सगळं तयार आहे का?" तो म्हणाला, "काही गोष्टी पाइपलाइनमध्ये आहेत."

तयार होती ती एकच. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. टॅबलेटच्या पाठीला लावायची, टॅबलेट छताला टेकवायचा आणि दहा सेकंद थांबायचं. ती म्हणे दगडाच्या आतलं ऐकते. हिरवा दिवा म्हणजे सुरक्षित, लाल म्हणजे धोका. पोरांनी तिचं नाव ठेवलं कानडबी.

मॅनेजर नागपूरचे. माणूस वाईट नव्हता, पण उत्पादनाचा दट्ट्या त्यांच्या मागे होता. साउंडिंगला एका जागी पाऊण तास जातो. डबीला दहा सेकंद. त्यांनी हिशेब लावला आणि हुकूम काढला: डबी हिरवी झाली की काम सुरू.

शिळा पडली त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी डबी कँटीनमध्ये घेऊन गेलो. टेबलावर टेकवली. हिरवी. पाण्याच्या रिकाम्या ड्रमावर टेकवली. हिरवी. तांदळाच्या पोत्यावर ठेवली, मग नुसतीच हवेत धरली. दर वेळी दहा सेकंद आणि हिरवा दिवा. तीन महिन्यांत तिचा लाल दिवा कोणी पाहिला आहे का, म्हणून खाणीतल्या चारही मेटना विचारलं. कोणीच पाहिला नव्हता.

मी मॅनेजरकडे गेलो.

"साहेब, ही डबी पोत्यालाही सुरक्षित म्हणते."

"पोतं पडणार आहे का कोणाच्या डोक्यावर?"

"आज शिळा पडली असती. आम्ही सब्बलीनं पाडली."

"मेश्राम, ती दगडासाठी बनवली आहे. कँटीनमध्ये ती काहीही दाखवेल. नवं काही आलं की तुम्हाला त्रास होतो."

"मग मी साउंडिंग चालू ठेवतो."

"ठेवा. पण शिफ्ट वेळेवर सुरू झाली पाहिजे."

मी बाहेर आलो. हेच सगळं मला कागदावर लिहून देता आलं असतं. फोरमनला तो अधिकार आहे. माझ्या लेखी रिपोर्टावर मॅनेजरला काम थांबवावं लागलं असतं. मी लिहिलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि साहेबांशी उभा दावा नको वाटला. कारण एवढंच आहे.

पुढच्या आठवड्यात हेमराजला मेमो मिळाला. काम चाळीस मिनिटं उशिरा सुरू केल्याबद्दल. त्याने तो मला दाखवला.

"काहून दिला मले? तुमीच तं म्हनलं, ठोकून पाहा."

"ठेव खिशात. मी बोलतो साहेबांशी."

बोललो. तेही तोंडीच.

त्यानंतर भाचीच्या लग्नासाठी मी चार दिवस खैरलांजीला गेलो. तिसऱ्या दिवशी, सकाळी हळद लागत असताना फोन आला. सुखलालच्या जागेवर छत खाली आलं होतं.

मी पोचलो तेव्हा त्याला वर आणलेलं होतं. ब्लँकेटखालून नुसते बूट दिसत होते. हेमराज खाणीच्या दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. त्याचा खांदा मोडला होता, पण तो आत जायला तयार नव्हता.

"भाऊ, सब्बल मी उचलली होती," तो म्हणाला. "हातात होती माह्या. मंग मेमो आठवला. डबी लावली. हिरवी झाली. मी त्याले म्हनलं, जाय."

मी त्याच्या शेजारी बसलो.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. त्यांनी सर्वांसमोर डबी स्क्रू काढून उघडली. आत एक बॅटरी, दोन दिवे, एक लहानशी पट्टी आणि वजन यावं म्हणून ओतलेलं प्लास्टर. लाल दिव्याची तार कुठेही जोडलेलीच नव्हती. अधिकाऱ्यांनी डबी दोनदा उलटून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मॅनेजरनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मग ते म्हणाले, "साउंडिंग बंद करा असं मी कधीच सांगितलं नव्हतं." ते खरं होतं. हुकुमात तसं वाक्य नव्हतं.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्हाला डबीबद्दल शंका होती?"

"शंका नाही, खात्री होती."

"कळवलं होतं?"

"तोंडी."

"लेखी?"

"नाही."

"तीन महिने रिपोर्टावर तुमची सही आहे."

"आहे."

माझं फोरमनचं सर्टिफिकेट एक वर्षासाठी निलंबित झालं. हेमराजचं मेटचंही. मॅनेजरवर खटला चालला आहे, अजून निकाल नाही. विक्रेत्याचा फोन लागत नव्हता, आणि पुस्तकावरच्या पत्त्यावर कोचिंग क्लास निघाला. खाण त्यानंतर वर्षभरात बंद पडली.

सुखलालच्या घरी मी तेराव्याला गेलो. त्याची बायको ओसरीत बसली होती. मुलगी बालाघाटहून आली होती, ती एका बाजूला भिंतीला टेकून उभी होती. बायकोने मला पाणी दिलं आणि विचारलं, "दादा, उस दिन मशीन क्या बोली थी?"

"हरा बोली थी, बाई."

"और आप होते तो?"

मी असतो तर ठोकून पाहिलं असतं, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मला माहीत असलेली गोष्ट मी कागदावर उतरवली असती, तर मी तिथे असण्याची गरजच पडली नसती. मी तिला तसंच सांगितलं. तिने मान हलवली. मुलगी आत निघून गेली, आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

हेमराज परत खाणीत उतरला नाही. सर्टिफिकेट परत मिळालं तरी त्याचा खांदा वर जात नाही, आणि सब्बल तर डोक्याच्या वरच्या छतावर मारायची असते. मी कधीमधी लामत्याला जातो. आम्ही धानाच्या भावाबद्दल बोलतो.

आता नव्या मेटच्या प्रशिक्षणाला मला कधी कधी बोलावतात. दगडाचा आवाज कसा ओळखायचा हे मी त्यांना शिकवतो. ते दोन दिवसांत येतं. मग प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि तक्रारीचा अर्ज लिहायला लावतो. तारीख, वेळ, जागा, सही. त्यालाच जास्त दिवस लागतात.