आठपट अधिक दुप्पट

चहा घ्या आधी, गार होईल. ही फजिती मी सहसा कुणाला सांगत नाही, पण आज तुम्ही माझ्या हुशारीची स्तुती जरा जास्तच केलीत. तेव्हा आता ऐकाच!

परळीत तेव्हा नाक्यानाक्यावर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या आणि मी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीनं घरी आणला होता. त्यावर मी चक्क एक भाषा बनवली. होय, भाषा! 'वाच', 'मिळव', 'दाखव' अशा मराठी आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि माझा इंटरप्रिटर, म्हणजे मधला दुभाष्या, एकेक ओळ वाचून ती यंत्राकडून करून घ्यायचा.

कॉलेजच्या प्राचार्यांना कल्पना आवडली. त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण दिले आणि बेरजा करून दाखवायला सांगितल्या. एक मिनिट लागलं.

"एवढ्या वेळात पोरं वर्गातून पळून जातील हो!" प्राचार्य म्हणाले. "अर्ध्या मिनिटाच्या आत आणा. मग तुमची भाषा आमच्या कॉलेजात, आणि तुम्हीसुद्धा."

म्हणजे मास्तरकी! नाहीतर पुण्याला नोकरी शोधायला जाणं होतंच, आणि आईला इथं एकटं टाकून मला अजिबात जायचं नव्हतं.

अडचण कुठे आहे हे मला लगेच कळलं. मला तेव्हा सगळंच लगेच कळायचं. अहो, यंत्राला ४५७ हा आकडा एकदम दिसत नाही! त्याला आधी चार दिसतो, मग पाच, मग सात. चारला दहानं गुणायचं, पाच मिळवायचे, पुन्हा दहानं गुणायचं, सात मिळवायचे. आणि असे हजारो आकडे! मी म्हटलं, गुणाकारच नको. आठपट करा, दुप्पट करा, दोन्ही मिळवा, झाली दहापट. यंत्र दोनाच्याच पटीत मोजतं, त्याला हे सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी चालवून पाहिलं. वीसेक सेकंद! मी उठून आरशासमोर जाऊन स्वतःला नमस्कार केला.

पुढच्या दिवशी आणखी एक सुधारणा. एकदा वाचलेला आकडा यादीत ठेवायचा, म्हणजे पुन्हा वाचायला नको. चालवलं, तर पूर्ण मिनिट! यादी काढली. तरी मिनिटच! वैतागून झोपलो. सकाळी यादी परत घातली, तर पुन्हा वीसेक सेकंद! आता काय म्हणावं याला?

टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा मित्र रफिक हे सगळं ऐकून हसायलाच लागला.

"काय बे, एक दिवस पळतंय, एक दिवस बसतंय? आपल्या नळावानी दिवसाआड?"

"रफिक, हे आकडेवाचन आहे. खोल विषय आहे."

"असंल खोल. पण डबा नीट बघितला का एकदा?"

"हा तुझा टीव्ही नाही, थापटी मारली की चालू व्हायला!"

बघा माझा माज! तीन आठवडे मी सुधारणेवर सुधारणा केल्या, वहीभर सिद्धांत लिहिले आणि शेवटी पळण्याचा दिवस हेरून प्राचार्यांना घरी बोलावलं. त्या दिवशी सकाळी तपासलं. मस्त पळत होतं.

पाहुणे येणार म्हणून आईनं सकाळी पुसलेली बैठक पुन्हा एकदा पुसली. परळीतली वीज केंद्राची राख, दिवसातून दोनदा पुसली तरी बसतेच.

प्राचार्य आले. आठपट आणि दुप्पट यावर मी दहा मिनिटं भाषण ठोकलं. "आता बघा!" म्हणून कीबोर्डची कळ दाबली. पडद्यावर बेरजा एकेक करून सरकू लागल्या. सरकू कसल्या, रांगू लागल्या! प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं.

"अर्धं मिनिट झालं."

"यंत्र अजून तापलं नाही, सर."

असली थाप मी जन्मात मारली नव्हती. गेली नोकरी, आता पुण्याची गाडी धरायची, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाहून "बाई, परत राख!" म्हणाली आणि पदरानं डबा पुसला. टक्! बेरजा सुसाट सुटल्या.

प्राचार्य उठून उभे राहिले. "आई, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय न्हाई, सर. राख पुसली. त्या बटनाच्या फटीत लई जाती. दाबल्याबिगर निघत न्हाई, म्हणून रोज सकाळी पुसताना एकदा दाबती."

रोज! एकदा! आणि आज पाहुण्यांसाठी आणखी एकदा!

प्राचार्यांनी वाकून ते बटण दाबलं. यंत्र रांगायला लागलं. पुन्हा दाबलं. पळायला लागलं. ते यंत्राचा वेग कमीजास्त करायचं बटण होतं. त्यावरची अक्षरं पुसली गेली होती आणि मी ते शोभेचं समजत होतो!

"तुमचा जुना प्रोग्राम आहे का?" त्यांनी विचारलं.

फ्लॉपीवर होता. वेगाचं बटण दाबलेलं ठेवून दोन्ही चालवले. माझा सुधारलेला, बावीस सेकंद. जुना, अठरा! ती यादी चाळण्यातच जादा वेळ जात होता.

"कावून रं, नोकरी न्हाई का?" आईनं हळूच विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

प्राचार्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "सोमवारपासून या. भाषा जुनीच आणा. आणि एक विनंती आहे."

मी लगेच वही उघडून पेन सरसावलं.

"काही सुधारू नका."