आमच्या मामांना शीव दिसत न्हाय

आख्ख्या जगातल्या देशांच्या बॉर्डरी पुसून टाका, असं म्हननारा मानूस सोलापुरात एकच हाय, आन् तो नेमका माझा मामेसासरा. सासूबाईंचे धाकटे भाऊ, आमच्यातच राहत्यात. जल्म चादरीच्या मागावर गेला. तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी एकाच वाक्यात बोलतात, तरी सगळ्यांना कळतंय. शेजारच्या आन् आमच्या परड्यातली भिंत त्यांनी सोताच्या हातानं पाडली. शेजारच्या कोंबड्यांनी आमची मेथी सपाट केली, तरी म्हनले, "कोंबडीला पासपोर्ट कोन मागतंय?" सासूबाई म्हनल्या, "मग मोरीत कडी लावून कशाला बसतोस रे?" तर म्हनतात, "आक्का, दार उघडाय असतंय. बॉर्डर अडवाय असती." एवढं मोठं बोलले, आन् अंगात बनियन उलटं.

बाळंतपन झाल्यावर जेऊरला माहेरी मला न्यायला तेच आले, कारन माझे मालक दुबईकडं क्रेनवर. तान्हं घेऊन शीव वलांडायची तर भाकरतुकडा ववाळून टाकावा लागतो, न्हायतर बाळाला बाधतं, आईनं लई बजावलेलं. शिवंवर मी जीप थांबवायला लावली. मामा उतरले, वाकून रस्ता बघितला, म्हनले, "कुटं हाय शीव? दाव की." ड्रायव्हर हॉर्न मारालाय, बाळ रडालंय, मी त्याला पदराखाली झाकून धरलेलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, आन् सोताच्या डब्यातली आख्खी भाकरी काढून बाळावरनं ववाळली. "शीव खोटी हाय पोरी," म्हनले, "पन तुझं भ्या खरं हाय." तितनं म्होरं दर गावाला सोताच जीप थांबवायचे. भाकरी सगळ्या शिवंवर गेल्या, मानूस उपाशी घरी आला.

आता तिकडं लढाई लागली, विमानं बंद. मालकांनी अजून पोराला हातात घेतलेलं न्हाय, आन् फोन लागला न्हाय की मी परत परत लावत बसते. लागला तर मामा त्यांना बॉर्डरीचं कायच सांगत न्हाईत, निस्तं "जेवलास का" इचारतात. परवा न राहवून मी इचारलं, "मामा, बॉर्डरी नसत्या तर हे आज घरी असते का हो?"

मामांनी पोराचं टोपडं सारखं केलं. मग म्हनले, "मधी समुद्र हाय पोरी. त्याच्या कडंकडंनं फिरून, चालत आला असता. उशिरा, पन आला असता."

तवापास्नं पोराला पाजताना डोळे मिटले की मला हे दिसतात. खांद्याला बॅग, पायात धूळ, वाटंत लोक भेटतात, पानी देत्यात, आन् कागद कोनच मागत न्हाय.