झेंडूच्या जागी लसूण

बागकामानं मन शांत होतं, असं मला कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्याचा दोष नसतो. रक्तदाब तपासून झाला की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि वर हसून म्हणतात, "मॅडम, चार कुंड्या आणा, बघा कसं बरं वाटतं." मी मान हलवते. मला आठवतं ते मानवतचं आमचं भाड्याचं घर आणि त्यामागची आईची बाग. त्या बागेनं आईला बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. कशानं वाटलं, ते मात्र डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात आमची बौद्धांची वस्ती जाळली गेली. माणसं वाचली, घर गेलं. जाळणारे अनोळखी नव्हते, त्यांच्या शेतात आईनं कापूस वेचला होता. वडील शाळामास्तर. त्यांनी बदली मागून घेतली आणि आम्ही मानवतला आलो. आई आली ती झोप हरवूनच. रात्र रात्र दाराला पाठ लावून बसायची आणि दिवसा कुणाशी बोलायची नाही. परभणीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि वडिलांना म्हणाले, "बाईंचा जीव कशात तरी गुंतवा. झाडंबिडं लावू द्या."

वडिलांचा माणसांवर फार विश्वास. घर जळाल्यावरही त्यांना तो कसा जमायचा, मला कधी कळलं नाही. आमचा घरमालक कापसाचा आडत्या होता. 'आपण जातपात मानत नाही, मास्तरला खोल्या दिल्यात' असं तो मोंढ्याच्या बाजारात चारचौघांत सांगायचा, आणि वडील ते कौतुकानं घरी येऊन सांगायचे. खोल्या त्याच्या घराच्या पाठीमागे, पत्र्याच्या. अंगणातल्या नळाची तोटी आम्ही फिरवायची नाही. मालकीणबाई येऊन फिरवायच्या आणि घागर भरली की बंद करायच्या. जातपात न मानण्याची ही त्यांच्या घरची रीत होती.

मागे थोडी मोकळी जागा होती. वडिलांनी झेंडूची रोपं आणली. आईनं खुरपं हातात घेतलं, जमीन उकरली, अंघोळीचं सांडपाणी चर काढून रोपांपर्यंत नेलं. "माती चांगली हाय, पण लय दडपलीय," एवढं ती एके दिवशी बोलली, आणि वडिलांनी ते मला दोनदा सांगितलं, जसं काही मी तिथे नव्हतेच. मी तेव्हा दहावीत होते. झेंडू फुलायला लागला तशी तिला झोप येऊ लागली, आधी दुपारी घटकाभर, मग रात्रीही. सकाळी ती दोन फुलं बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवायची. जळिताच्या वेळी पोटाशी धरून तिनं तेवढी एक तसबीर बाहेर आणली होती.

मग मालकीणबाईंना फुलं दिसली. त्या उजाडायच्या आत परडी घेऊन यायच्या आणि झाडं ओरबाडून फुलं न्यायच्या. आई उठायची तेव्हा नुसता पाला. एकदा आई त्यांच्या आधी जाऊन उभी राहिली.

"बाई, दोन फुलं ऱ्हाऊ द्या. आमच्या तसबिरीला लागतेत."

"जमीन आमचीच हाय की, मास्तरीणबाई," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "अन् फुलं देवालाच जायलेत ना?"

"आमच्या हातचं चालतंय तुमच्या देवाला?"

"फुलाला कसला आलाय विटाळ?"

विटाळ नळाला होता, घागरीला होता, आम्हाला होता. आमच्या अंघोळीच्या पाण्यावर वाढलेल्या फुलाला तेवढा नव्हता. हे आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं.

आईची झोप पुन्हा गेली. आता ती मागच्या दाराशी बसायची, झेंडूची राखण करत. वडील म्हणायचे, "जाऊ दे की. फुलंच तर हायेत." घर जळालं तेव्हाही ते 'जाऊ दे' हेच म्हणाले होते.

नवरात्र तोंडावर आलं. झेंडू कळ्यांनी लगडला होता आणि दसऱ्याचं तोरण याच फुलांचं करायचं, हे मालकीणबाईंनी ठरवूनही टाकलं होतं. एका दुपारी मी शाळेतून आले तर सगळा झेंडू मुळासकट उपटून कोपऱ्यात टाकलेला. आई उकिडवी बसून सारख्या केलेल्या वाफ्यात काहीतरी खोचत होती.

"माय, हे काय करायलीस?"

"लसूण लावायलेय. बघू आता कोणत्या देवाला चालतोय."

हातसुद्धा न धुता ती आत आली, आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या उशाशी बसून रडले.

दुसऱ्या सकाळी मालकीणबाई परडी घेऊन आल्या आणि वाफ्याकडे बघत राहिल्या.

"लसूण लावलाय, बाई," आई म्हणाली. "आला की न्या. तुमचीच जमीन हाय."

वडील चिडले. "डॉक्टरनं मन शांत व्हायला बाग सांगितली, अन् तू भांडण लावलंस."

"शांतच हाय की मी," आई म्हणाली. ती खरंच शांत होती. लसूण वाढत होता तोवर ती रोज झोपली.

गड्डा धरायच्या आत घरमालकानं खोल्या मागितल्या. पोराचं लग्न काढलंय म्हणाला, फार नम्रपणे. त्या पोराचं लग्न पुढे कित्येक वर्षं झालं नाही. परभणीला निघताना आईनं कोवळा लसूण पातीसकट उपटला, एक रोप मागे ठेवलं नाही. परभणीच्या नव्या खोलीत पहिल्या दिवशी आम्ही त्याचीच चटणी भाकरीशी खाल्ली. वडिलांनीही मुकाट्यानं खाल्ली.

परभणीत आमच्याच लोकांच्या वस्तीत खोली मिळाली होती. नळाला हात लावता येत होता, दारापुढे थोडी मातीही होती. तरी आईनं पुन्हा काही लावलं नाही. झोप कधी यायची, कधी नाही. मला नोकरी लागली, वडील रिटायर झाले, पण तिचं दाराशी बसणं सुटलं नाही.

शेवटी विद्यापीठाला नाव मिळालं. तेही पुरतं नाही, जुन्याला जोडून. वस्तीत पेढे वाटले. त्या संध्याकाळी वडील नर्सरीतून झेंडूची रोपं घेऊन आले आणि आईला म्हणाले, "आता लाव. आता कोणी तोडून न्यायचं न्हाई."

आईनं रोपं हातात घेतली, मुळांची माती बोटांनी चाचपली. तिला ती लावायची होती, ते मला तिच्या हातांवरून दिसत होतं.

"जमीन कोणाची हाय?" तिनं विचारलं.

खोली तेव्हाही भाड्याचीच होती. आईनं रोपं बादलीत पाण्यात ठेवली. ती तिथेच कुजली, आणि फेकून यायचं काम वडिलांनी केलं.