फिका पट्टा आधीपासून होता

"अब्बा गेले, मास्तर," हमीदभाईंची मुलगी रझिया फोनवर म्हणाली. "तुमच्यासाठी एक चीज ठेवून गेलेत. मी कुणाच्या हाती पाठवणार न्हाय. तुम्हालाच यावं लागंल." दफनाला मी गेलो, पण सगळ्यांच्या मागं उभा राहून परत फिरलो. मुरुममध्ये आमच्या दोन घरांत जेमतेम तीन गल्ल्या आहेत. तेवढं अंतर चालायला मला आणखी पंधरा दिवस लागले...

हमीदभाई रफूगर होते. शाली, शेरवान्या सगळं दुरुस्त करायचे, पण जीव अडकलेला होता तो हातानं गाठी मारलेल्या जुन्या गालिच्यांत. निजामाच्या काळात आपल्या भागातल्या बड्या घरांत हैदराबादेहून असे गालिचे आले. त्यांचं मोल कळणारा माणूस आसपास हा एकच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि रंगांच्या ओढीनं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. गालिचा आला की मी नक्षीत हरवायचो. ते आधी कोपरा धरून तो उलटा करायचे. "तोंड काय बघताय मास्तर, सोयरीक जुळवायचीय का? पाठ बघा!" मग अंगठ्याच्या रुंदीत गाठी किती बसल्यात ते मोजत. झालर ताण्याच्याच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांची आहे की मागाहून शिवलीय, ते ओढून पाहत. ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघत. एकदा एका गालिच्यात मध्येच फिकटलेला रंग दाखवून मी म्हणालो, "ही खोट दिसते." ते हसले. "खोट कसली? लोकरीचा एक घाणा संपला, दुसरा रंगवला. हात तोच, भांडं तेच, पण रंग थोडा हलतोच. मशीनचा हलत न्हाय, म्हणून तर त्याला कुणी विचारत न्हाय."

हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना ते ध्यानात ठेवावं.

आप्पा हे गावातले मोठे आडत व्यापारी. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या वेळचा लाल गालिचा होता. त्यांच्या सांगण्यावरून मी त्याचं जलरंगात चित्र काढलं. गालिच्याच्या मध्यावर वीतभर पट्टा किंचित फिका होता. धुळीत लपलेला, पण मला दिसला. चित्र देखणं व्हावं म्हणून मी सगळीकडं एकसारखा लाल भरला. चित्र काचेत मढवून त्याच खोलीत लागलं. येणारे-जाणारे चित्रकाराचं नाव विचारायचे आणि मी सुखावायचो.

पुढं काही वर्षांनी उंदरांनी गालिच्याची किनार कुरतडली. आप्पांनी तो हमीदभाईंकडं दिला. दोन महिन्यांनी किनार बांधून, रिठ्याच्या पाण्यात धुऊन तो परत आला, तेव्हा धुळीखालचा पट्टा उघडा पडला होता. आप्पांनी गालिचा पाहिला, मग भिंतीवरचं चित्र पाहिलं आणि कानडी हेलात विचारलं, "येन्री हमीदभाई, माझ्या आज्जाच्या गालिच्याचा मधला तुकडा कापून हा दुसरा कुठनं जोडला?" लगोलग मला बोलावणं आलं. खोलीत दहा-बारा माणसं जमलेली. हमीदभाईंचा चेहरा मला बघून सैल झाला. "आले मास्तर. आता तुम्हीच बघून सांगा."

मी कोपरा धरून गालिचा पट्ट्यापर्यंत उलटा केला. कुठंच जोड नव्हता. गाठी एकाच हाताच्या, ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मी मान वर केली, तर आप्पा चित्राकडं बोट दाखवत होते. "यात पट्टा न्हाय. का तुमीच खोटं काढलं म्हणायचं?" कुणीतरी फिसकन हसलं. मला फक्त 'होय' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "चित्र... होतं तसंच काढलंय."

हमीदभाई माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे, एखादा धागा निरखावा तसं. मग गुडघे टेकून त्यांनी गालिचा सुलटा केला, त्यावरची सुरकुती तळहातानं काढली आणि निघून गेले.

त्यानंतर गावात त्यांच्या हाती कुणी किमती चीज दिली नाही. "रफू करतोस का कापतोस?" असं पोरंटोरंही विचारायची. उरलेली वीस वर्षं त्यांनी गाद्या शिवल्या. रस्त्यात भेटले की "सलाम मास्तर" म्हणायचे. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही...

पंधरा दिवसांनी मी गेलो, तेव्हा रझियानं "चहा टाकते" म्हणत माझ्यासमोर एक फडकं सोडलं. आत दोन वितींचा गालिचा होता, उलटा ठेवलेला. "अब्बा म्हणाले, मास्तरांना आधी पाठ बघू दे." मी पाहिली. बारीक, एकसारख्या गाठी. सुलटा केला. लाल रंग आणि मध्यावर दोन बोटं रुंदीचा फिका पट्टा. "अब्बा त्या दिवशी आप्पांच्या घरून आले, त्याच साली त्यांनी हा विणलाय. मी विचारलं, मधीच रंग का बदलला? म्हणाले, मास्तरला ठावं हाय." तिनं माझ्याकडं पाहिलं. "खरंच ठावं होतं का तुम्हाला?"

"होतं."

ती उठून आत गेली. मी गालिचा पुन्हा फडक्यात गुंडाळला. चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडं गेलो. त्यांना आता ऐकू कमी येतं. मी म्हणालो ते त्यांना कळलं नाही, म्हणून ओरडून सांगावं लागलं. "पट्टा आधीपासून होता! चित्र मी खोटं काढलं!" आतून सुना-मुलं बाहेर आली. आप्पांनी गालिच्याकडं पाहिलं. "हे हमीदला सांगितलं व्हतं?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आता मला कशाला सांगताय?" असं म्हणून त्यांनी मुलाला चित्र खाली काढायला लावलं.

गावानं ऐकलं होतं ते माझं खोटं, म्हणून गावानं वाचावं यासाठी हे लिहितो आहे. हमीदभाईंनी त्या गालिच्यातला एक धागाही कापला नव्हता. मला ते त्याच दिवशी माहीत होतं.

त्यांचा छोटा गालिचा माझ्या टेबलावर उलटा ठेवलेला असतो. घरी येणारा प्रत्येक जण तो सुलटा करतो, नक्षी बघून 'वा' म्हणतो, आणि मध्येच रंग का बदलला ते विचारतो. मी सांगतो, पहिल्यापासून, सगळं. तो गेला की गालिचा पुन्हा उलटा करतो, अंगठा टेकवतो आणि गाठी मोजू लागतो...