बोर्लीच्या हळदीला जाताना गाडी फेरीबोटीत बंद पडली

किहीमहून बोर्ली पंचतनला जायचं तर समुद्राच्या कडेने जावं. रेवदंडा, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे दिघीला उतरायचं. रस्ता मधेमधे खराब आहे, पण नजारा चांगला. आम्ही असेच गेलो. फक्त आम्ही केलं ते तुम्ही करू नका.

बायकोच्या भावाच्या मुलीचं, सायलीचं लग्न होतं. सायली लहानपणी आमच्याकडेच वाढली. पहिली हळद आत्यानेच लावायची, असा तिचा हट्ट. उशीर होऊन चालणार नव्हतं, म्हणून मी सगळं सामान आदल्या रात्रीच गाडीत भरलं. साड्या, नारळ आणि मेव्हण्याच्या पावसाळ्याच्या बेगमीसाठी पिशवीभर सुके बोंबील.

काशीदला थांबलो नाही. मुरूडला उभ्याउभ्या मिसळपाव खाल्ला. पाव ताजा होता, मला गोड लागला नाही. आमची गाडी जुनी आहे, आणि बोटीत इंजिन बंद करायला लावतात. त्याचाच घोर होता.

दिघी आली. मी चावी फिरवली. काही नाही.

"काका, काढा की गाडी! मागं टेम्पो अडकलाय," बोटवाला ओरडला.

"चालू होत न्हाय."

"मग ऱ्हावा बसून. परत आगरदांड्याला नेतो, फुकट."

ओहोटी होती, त्यामुळे उतार चांगलाच चढा झालेला. टेम्पोवाला, दोन मोटरसायकलवाले आणि बोटवाला यांनी ढकलून गाडी जेट्टीवर काढली. बोट गेली. बायकोने भावाला फोन लावला. "आमची वाट बघू नका, मुहूर्त जाईल. उरकून घ्या," म्हणाली, आणि फोन पर्समध्ये ठेवून खाडीकडे बघत उभी राहिली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते. म्हणजे बॅटरी शाबूत. चावी फिरवली की टक् असा आवाजसुद्धा नाही. म्हणजे स्टार्टरला करंट पोचत नाही. एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही. बॉनेट उघडून मी नुसता बघत बसलो. तेवढ्यात बायकोने बोंबलाची पिशवी उन्हातून काढायला घेतली.

"अवो, पिशवी कुरतडलीय कुणीतरी."

"बोंबलाचं मागनं बघू गं."

"बोंबील खाऊन तो गेला कुठं, ते बघा."

मी वाकून बघितलं. इंजिनाच्या खाचेत बोंबलाचं डोकं पडलं होतं. त्याच्या खाली स्टार्टरची बारीक वायर उंदराने खाल्लेली. घरून निघताना दोनचार तारा शिल्लक असणार, त्या रस्त्यातल्या खड्ड्यांनी तोडल्या.

आधी बॅटरीची वायर काढली. मग नेलकटरने दोन्ही टोकं सोलली, पिळली आणि बायकोच्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली. बॅटरी जोडून चावी फिरवली. गाडी चालू झाली. बायको म्हणाली, "आता बंद करू नका, मांडवात गेली तरी चालंल."

पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती. सायली पाटावर पिवळीधमक बसलेली, उजवा गाल तेवढा कोरा. तिथे तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. फोटोवाला वैतागलेला. बायकोने हातपाय न धुताच वाटीत बोटं बुडवली. पोरीच्या मैत्रिणींनी मलाही हळद फासली. तशाच हातांनी मी बाहेर जाऊन गाडी सुरू होते का, ते बघून आलो.

घरी आल्यावर गॅरेजवाल्याने नवीन वायर टाकली. बोंबील आता मी गाडीच्या टपावर बांधून नेईन. मुलगा म्हणतो, गाडी विका, पण आधी स्टिअरिंगवरची हळद काढा, गिऱ्हाईक काय म्हणेल. मी फडकं घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, राहू दे. मग राहू दिली.