स्वतंत्र आणि प्रतिष्ठित

माझा बाबा सारसोळ्याच्या गावकीत पंच आहे. आम्ही कोळी लोक बापाला अरे-तुरे करतो, त्यात अनादर नसतो. उद्या मी त्याला 'अहो बाबा' म्हटलं तर तो मागे वळून बघेल, आणखी कोण आलंय म्हणून. गावकी म्हणजे गावाने आपसात बसून भांडण मिटवणं. कोणाच्या होडीने कोणाचं जाळं फाडलं, कोणाची मोरी कोणाच्या दारात वाहते, असल्या तक्रारी देवळाच्या मंडपात येतात. पंच सतरंजीवर बसतात, दोन्हीकडचं ऐकून घेतात आणि निवाडा देतात. निवाडा झाला की बाबा म्हणतो, "मिटलं." त्यानंतर कोणी तोंड उघडायचं नाही.

त्याचा दुसरा नियम म्हणजे विचारलं तेवढंच बोलायचं. मंडपात कोणी जुनी उणीदुणी काढायला लागलं की तो हात वर करायचा. "तुना इचारलं काय? नाय ना? मग?" न विचारलेलं बोललं की भांडणाला फाटे फुटतात, असं त्याचं म्हणणं. घरीसुद्धा आम्ही याच शिस्तीत वाढलो. मी पुढे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले आणि दिवसभर न विचारलेलं बोलायचा पगार घेऊ लागले, याचं त्याला अजून नवल वाटतं.

त्याची धाकटी बहीण, माझी आत्या, नेरूळच्या मार्केटात मासळी विकते. नवरा लवकर गेला. मुलगा एकच. हा माझा आतेभाऊ पहाटे टेम्पो घेऊन धक्क्यावर जायचा, लिलावात उभा राहायचा आणि आत्यासाठी माल उचलायचा. लिलावात डोळा मासळीवर आणि कान बोलीवर ठेवावा लागतो. चारी बाजूंनी ओरडा चालू असतो, त्यात आपला आकडा आणि दुसऱ्याचा आकडा वेगळा ऐकू यावा लागतो. त्याचा कान फार तिखट होता. आत्या कौतुकाने म्हणायची, याला समुद्रातला मासासुद्धा बोललेला ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी आत्याने नव्या टॉवरसमोर रस्त्याच्या कडेला जवळा वाळत घातला होता. तिथे तिची सासूही घालायची, पण तेव्हा टॉवर नव्हता. टॉवरमधला एक गृहस्थ वास येतो म्हणून खाली आला आणि मोबाइलवर आत्याचं शूटिंग करायला लागला. आतेभावाने त्याचा हात बाजूला केला. जोरात केला असेल, मी तिथे नव्हते. मोबाइल पडला. दुपारी पोलीस आले आणि आतेभावाला घेऊन गेले.

'कानाखाली आवाज काढीन' असं आपण मराठीत किती हसत म्हणतो. मास्तर म्हणतात, आई म्हणते, मीही वर्गात म्हटलेलं आहे. त्या दिवशी चौकीत माझ्या आतेभावाच्या कानाखाली आवाज काढण्यात आला, आणि तो आवाज अजून बंद झालेला नाही. उजवा कान गेला. डाव्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, शिवाय आतली नस दुखावली आहे, ऐकू परत येणार नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी बाबाला चौकीतून फोन आला, "काका, जरा पंच म्हणून या." बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला. दारात रडत बसलेल्या आत्याला म्हणाला, "रडू नको, मना पंच म्हनून बोलवलंय. मिटवून येतंय." चला, आपल्या गावकीची किंमत सरकारलाही कळली, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. मी जुईनगरला माझ्या घरी होते, त्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज एकदम तरणा झाला होता.

तिथे त्याला खुर्ची दिली. चहा दिला. आमच्या गावातल्या कोणाला त्या खोलीत खुर्ची मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. साहेबांनी भाच्याला समोर उभा केला आणि म्हणाले, "बघा काका, कुठे काही लागलंय का?" भाचा मान खाली घालून उभा होता. कानाच्या आतलं बाहेरून दिसत नाही. बाबा म्हणाला, नाही. त्यांनी लिहिलं, याने सही केली. "मिटलं ना, साहेब?" असं त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "मिटलं, काका." दुसऱ्या दिवशी आतेभाऊ जामिनावर सुटला आणि बाबाने मंडपात सगळ्यांना सांगितलं की पोरगा मी सोडवून आणला.

आम्ही तक्रार केली. पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच. चौकशी झाली आणि उत्तर आलं की, 'दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित पंचांसमक्ष पाहणी केली असता इसमाच्या अंगावर कोणतीही जखम आढळून आली नाही. सदर पंचांपैकी एक हे इसमाचे सख्खे मामा आहेत.' मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग ती बाबाकडे गेली आणि म्हणाली, "दादूस, तू एकदा जाऊन सांग ना, तुना कललं नव्हतं म्हनून." एक वकीलबाई आम्हाला फुकट मदत करत होत्या, त्याही तेच म्हणत होत्या. पंचाने स्वतः सांगितलं की मला कशावर सही घेतात हे समजलंच नव्हतं, तर प्रकरण परत उघडता येईल. दुसरा रस्ता नाही.

बाबा ऐकेना. "मी पंच हाय. मी मिटवलं. मिटलेलं उकरायचं नाय." मी चिडून त्याला नको नको ते बोलले. पोलिसांच्या लेखी पंच म्हणजे निवाडा देणारा नव्हे, नुसता बघ्या आणि सह्याजीराव, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. त्याला वाटायचं, शिकलेली पोर आहे, वाकड्यात शिरते. आत्याने त्याच्या घरी मासळी पाठवणं बंद केलं. कोळ्याच्या घरी बहिणीकडची मासळी बंद होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

अशात आमच्या जुईनगरच्या नागरिक मंडळाने चर्चा ठेवली. विषय होता, पोलिसांवर स्वतंत्र नागरी देखरेख हवी का? विषय मीच सुचवला होता. मी 'हवी' म्हणून बोलणार होते आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी 'नको' म्हणून. आत्या आतेभावाला घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली. मंडळ या मुलाचं प्रकरण हातात घेईल, असं मीच तिला सांगितलं होतं. बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला. तो का आला हे मी विचारलं नाही.

मी बोलले. बरं बोलले म्हणे. कुंपणच शेत खात असेल तर दाद कुंपणाकडेच मागायची का, वगैरे. टाळ्या पडल्या. मग ते अधिकारी उठले. सभ्य माणूस, शांत आवाज. म्हणाले, "मॅडम, नागरी देखरेख आहेच की. पंचांशिवाय आमचा एक पंचनामा होत नाही. आणि पंच कोण? तुम्हीच. नागरिक. इथे कोणी पंच झालंय का आजवर?" बरेच हात वर झाले. एक बँकवाले काका हसत म्हणाले, "मी झालोय ना! अॅक्सिडेंट झाला होता. घाई होती, कोऱ्या कागदावर सही देऊन ऑफिसला गेलो." सगळं सभागृह हसलं. अधिकारीसुद्धा हसले. म्हणाले, "बघा. उद्या देखरेख समिती काढाल, तिच्यावरही हेच काका असतील."

मी टिपणांचे कागद चाळायला लागले.

तेवढ्यात मागून बाबा उठला. "साहेब, पंच म्हंजे निवारा देनारा ना?" कोणीतरी फिसकन हसलं. निवाऱ्याचा निवाडा करून घ्यायला अधिकाऱ्यांना क्षणभर लागला. मग ते हळुवारपणे म्हणाले, "नाही काका. निवाडा कोर्ट देतं. पंच फक्त साक्षीदार. जे दिसलं त्यावर सही करणारा." बाबा उभाच राहिला. मी वर्षभर घसा फोडून सांगत होते ते त्याने माझ्याकडून घेतलं नाही. एका पोलिसाने सांगितल्यावर पटलं. त्याचा चेहरा मला बघवेना. पहिल्या रांगेत आतेभाऊ मोठ्याने आत्याला विचारत होता, "मामा काय बोलला? काय बोलला मामा?" ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

शेवटी ठराव झाला की नागरिकांची एक देखरेख समिती असावी, तीत स्वतंत्र आणि प्रतिष्ठित माणसं असावीत. गावठाणातर्फे कोणी पाहिजे म्हणून कोणीतरी बाबाचं नाव सुचवलं. मघाच्या हसण्याची भरपाई म्हणून असेल. बाबा म्हणाला, "मना नको. मना खुर्ची दिली, चाय दिला, की मी सही करतंय." या वेळी कोणी हसलं नाही. तो सरळ चालत पुढे आला आणि आत्यासमोर उभा राहिला. "उद्या जाऊन सांगतंय," म्हणाला. आत्या रडली. किती महिन्यांनी मला वाटलं की आता काहीतरी होईल.

चौकशी अधिकाऱ्याची वेळ मिळायला बरेच दिवस गेले, पण मिळाली. बाबा आत गेला. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. वकीलबाईंना तर यायलाच परवानगी नव्हती. बाबा बाहेर आला तो ताठ मानेने. म्हणाला, "खुर्ची देत होते, नाय बसलो. चाय पन नाय घेतला. उभ्यानेच बोललो."

"काय बोललास?"

"त्यांनी इचारलं, ही सही तुमची काय? मी बोललो, माजीच. जबरदस्तीनी घेतली काय? बोललो, नाय, चाय दिलता. जखम बघितली काय? बोललो, नाय बघितली. समदं खरं सांगितलं."

"आणि तुला समजलं नव्हतं ते? पंच म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं, ते?"

बाबाने माझ्याकडे पाहिलं. "त्ये त्यांनी नाय इचारलं."

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण आपण काय करून आलो ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. रिक्षात, वाशीच्या सिग्नलपाशी, कळलं असावं. तिथून पुढे त्याने मान खाली घातली ती सारसोळे येईपर्यंत वर केली नाही. त्याला परत आत घेऊन जावं म्हणून मी नंतर अर्ज केले, वकीलबाईंनी केले. उत्तर आलं की पंचांचा जबाब नोंदवण्यात आलेला आहे, त्यांनी मूळ पंचनाम्यास दुजोरा दिला आहे, सबब प्रकरण बंद. यात एक अक्षर खोटं नाही. खोटं असतं तर मी भांडले असते. आणि ती नागरिकांची समिती? तिची एकही बैठक झालेली नाही.

त्या दिवशी रिक्षा थांबली तेव्हा आत्या आणि आतेभाऊ दारातच उभे होते. आत्याने बाबाचा चेहरा पाहिला आणि ती आत गेली. आतेभाऊ पुढे आला. "मिटलं काय, मामा?" असं त्याने विचारलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. बाबा काही बोलला नाही. आपल्यालाच उत्तर ऐकू आलं नसेल असं त्याला वाटलं, म्हणून तो जवळ सरकला आणि त्याने डावा कान बाबाच्या तोंडापाशी धरला.