दसऱ्याला थांबलेलं मशीन

आमच्या गिरणीचा कागद कुणी लिहायला घेत नसे. तपकिरी, जाड, मिठाईच्या डब्यांचा. टावर चौकातले पेढे त्यातूनच घरोघरी जायचे. निम्म्या उज्जैनने आमचा कागद हाताळलाय आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.

बाबांनी गिरणी काढली, पुढे माझा मोठा भाऊ, दादा, ती चालवू लागला. ती बंद पडली त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. हेच मला पचत नाही. चूक असती तर भांडता तरी आलं असतं. आमचा कागद रद्दीपासून व्हायचा आणि ती परदेशातून जहाजाने यायची. जहाजांचं भाडं वाढलं, रद्दी महागली. घरपोच सामान पाठवणाऱ्या कंपन्यांना खोकी हवी होती, म्हणून परराज्यातल्या मोठ्या गिरण्या इथली रद्दीही चढ्या भावाने उचलू लागल्या. मग बॉयलरचा कोळसा महागला. मिठाईवाले प्लास्टिकच्या डब्यांवर गेले. आमच्याशी कुणाचं वैर नव्हतं. आम्ही त्यांच्या खिजगणतीतही नव्हतो.

कागदाचं मशीन रात्रंदिवस चालतं. आमच्याकडे ते दसऱ्याला पूजेपुरतं थांबायचं आणि बाबा स्वतः बटण दाबून पुन्हा सुरू करायचे. गेल्या दसऱ्याच्या आधी दादा म्हणाला, "या वेळी थांबलं की परत चालू नाही करायचं. कारागिरांना सांगून टाकलंय. बाबांना आत्ता नको सांगू, फालतूमध्ये टेन्शन घेतील."

बाबांना नुकताच हृदयाचा त्रास होऊन गेला होता. ऐकू येणं तर कधीचंच बंद झालेलं. त्याच भरवशावर बेत ठरला: मोटरची तार आधीच काढून ठेवायची, बाबांनी बटण दाबायचं, नुसता लाल दिवा लागेल, आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि त्यांना घरी न्यायचं. मी बरं म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं. पण दात काढताना भूल दिली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं माझं झालं होतं.

मशीनला फिरणारे भाग झाकतील इतक्या झेंडूच्या माळा घातल्या. बाबांनी नारळ फोडला, बटण दाबलं. दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारागिरांनीही वाजवल्या, बिचाऱ्यांनी. बाबा मात्र जागचे हलेनात. खाली आपल्या पायांकडे बघत राहिले.

पूजेसाठी सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मशीन चालू असलं की तिथली फरशी थरथरते, अनवाणी पायाला ते लगेच कळतं. त्याच फरशीवर खेळून मोठे झालेल्या आम्हा दोघा शहाण्यांना हे सुचलं नव्हतं.

"कारागिरांना माहीत आहे?" बाबांनी विचारलं.

दादाने हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे मीच बाकी होतो."

मग मला म्हणाले, "चपला आण माझ्या." मी आणल्या, वाकून त्यांच्या पायांत घातल्या. रडू आलं नाही. नानाखेड्याला आमच्या घरासमोर मी गाडीतून उतरले आणि पायाला खडा टोचला, तेव्हा कळलं, माझ्या चपला गिरणीच्या दारातच राहिल्या होत्या.